पुढून बाई, मागून फळी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी बाई आहे, पण पुरी नाही. पुढून बाई, मागून फळी. समोरून पाहाल तर नाक, डोळे, खांद्यावर रुळणारे केस, घोळदार झगा, पायांत पट्ट्यांचे जोडे, सगळं जिथल्या तिथे आहे. मागे जाल तर करवतीने कापलेली सपाट पाठ आणि तिच्यात बोल्टची भोकं. मला घडवणाऱ्याने यात काही कंजूषपणा केला नाही. माझी पाठ कुणाला कधी दिसणारच नव्हती. मी सर्कशीच्या गाड्यावर बसवायची बाई होते.

आता अमेरिकेतल्या सर्कशीच्या बाईला मराठी कसं येतं, असं तुमच्या मनात आलं असेल. मराठी मी मिशिगनमधल्या नोव्हाय गावी, एका बेसमेंटमध्ये, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी उभी राहून शिकले. पण ते पुढे सांगते. आधी जन्माचं सांगू द्या, कारण म्हाताऱ्या माणसाला जन्मापासून सुरुवात केल्याशिवाय काही सांगताच येत नाही.

मला घडवलं ऑगस्ट नावाच्या एका जर्मन माणसाने. तो आधी जहाजांच्या नाकाडावर बसवायच्या बायका कोरत असे. मग लोखंडी जहाजं आली. त्यांना नाकावर बाई नको होती. ऑगस्ट बिचारा छिन्नी-पटाशी घेऊन सर्कशीच्या कामाला लागला. त्या काळी सर्कस गावात आली की तंबू उभारायच्या आधी मिरवणूक निघायची. हत्ती, उंट, पिंजऱ्यातले वाघ, आणि सगळ्यांच्या पुढे बँडचा गाडा. वर वाजवणारे बसलेले, पुढे घोडे जुंपलेले, आणि गाड्याच्या दोन्ही अंगांना सोन्याचा वर्ख लावलेली नक्षी. त्या नक्षीच्या मधोमध आम्ही.

आम्ही म्हणजे मी आणि माझी बहीण. ऑगस्टने पांढऱ्या पाइनचा एक जाडजूड ओंडका उभा चिरला. एका अर्ध्यातून मी निघाले, दुसऱ्या अर्ध्यातून ती. माझ्या हातात खंजिरी दिली, तिच्या हातात तारांचं छोटं वाद्य. मला गाड्याच्या डाव्या अंगाला बसवलं, तिला उजव्या. गाडा ज्या दिशेला जाणार त्या दिशेला आमच्या माना वळवलेल्या होत्या. म्हणजे माझी मान माझ्या उजव्या हाताला, तिची तिच्या डाव्या हाताला. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर मित्रांनो, सख्ख्या बहिणी असून आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. कोरायला घेतलं तेव्हा आम्ही वेगवेगळ्या टेबलांवर, आणि मग कायमच्या पाठीला पाठ. मधे गाडा. चाक खड्ड्यात गेलं की तिचा बोल्ट कुरकुरायचा, मग माझा. पलीकडच्या फुटपाथवरून मुलं ओरडली की मला कळायचं, ती तिच्याकडे बघून ओरडताहेत. तेवढीच आमची ओळख. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. ऑगस्टने माझ्या ओठांवर बारीकसं हसू ठेवलं होतं. तिच्या ठेवलं होतं का? गाडा गावोगाव फिरला, लोकांनी टोप्या उडवल्या, माझं कौतुक केलं, मी फुलून गेले, पण हे मला कुणी सांगितलं नाही.

मग मोटारी आल्या. रस्त्यात घोड्यांना जागा राहिली नाही, मिरवणुका बंद पडल्या. आमचा गाडा एका मोकळ्या आवारात पावसापाण्यात उभा राहिला. चाकं जमिनीत रुतली, वर्खाचे पोपडे निघाले. एक दिवस कुणीतरी माणूस पहार घेऊन आला आणि त्याने मला गाड्यापासून उचकटलं. खंजिरी काही सुटेना. त्याने जोर लावला, तशी माझी मधली तीन बोटं मोडली आणि खंजिरीसकट गाड्यावरच राहिली. बहिणीच्या बाजूला तो गेला नाही. मला दुखलं ते बोटांचं नव्हे. त्या दिवसापासून माझ्या पाठीमागे कुणीच नव्हतं.

त्या माणसाने मला मिशिगनमध्ये एका तळ्याकाठच्या नाचघराच्या दाराशी उभं केलं. तिथे मला नखशिखान्त पांढरा रंग फासला, एकदा नव्हे, दर उन्हाळ्याला. नाचघर बंद पडलं तेव्हा एका शेतकऱ्याने मला उचलून त्याच्या कोठारात ठेवलं. तिथे सफरचंदांच्या रिकाम्या खोक्यांमागे मी किती वर्षं उभी होते ते मला सांगता येणार नाही. माझ्या खांद्यावर कोंबड्या बसायच्या. काय काय करायच्या ते विचारू नका.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्या शेतकऱ्याने जमीन विकली. नोव्हायमध्ये तेव्हा शेतं जाऊन घरांच्या ओळी उठत होत्या. कोठारातलं सामान अंगणात विकायला मांडलं गेलं. दोन मराठी बायका लोणच्यासाठी दगडी बरण्या शोधत तिथे आल्या. एकीचं नाव वसुधा. मिरजेची, शाळेत चित्रकला शिकवलेली, नवऱ्यामागे अमेरिकेत आलेली. दुसरी तिची मैत्रीण कांचन, पुण्याची. वसुधाने खोकी बाजूला केली आणि ती माझ्यासमोर नुसती उभी राहिली.

"कांचन, इकडे ये. ही बघ गौर."

"गौर कसली? झग्यात?" कांचन म्हणाली.

"झगा काय, त्यावर साडी नेसवता येते. उंची बघ ना, चेहरा बघ."

शेजारी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी उभा होता. तो शेतकऱ्याला सांगत होता की हिला सोड्याच्या हौदात बुडवली की सगळा रंग सुटेल आणि कोरं लाकूड छान दिसेल, शिकागोच्या हॉटेलवाल्यांना हल्ली तेच हवं असतं. वसुधाला हौदाचं काही कळलं की नाही कोण जाणे, पण तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला तो काढलाच नाही. तिचा नवरा नरेंद्र मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. त्याने मला स्टेशनवॅगनमध्ये आडवं घातलं. पाय मागून बाहेर राहिले, त्यांना लाल फडकं बांधलं, आणि अशी मी घरी आले. मागच्या सीटवर त्यांची अकरा वर्षांची मुलगी सीमा अंग चोरून बसली होती. "मॉम, शी इज सो क्रीपी," एवढंच ती म्हणाली.

नरेंद्र हौशी माणूस. दुसऱ्याच दिवशी सँडपेपर घेऊन तो माझ्या पायाशी बसला. पांढरा रंग घासून काढून मला छान पॉलिश करायचं त्याच्या मनात होतं. त्याने जोड्याच्या पट्टीवर थोडं घासलं आणि थांबला.

"वसुधा, खाली ये जरा. इथे काहीतरी चमकतंय."

वसुधा जिन्यावरून खाली आली, गुडघ्यांवर बसली, आणि तिने पदराने तेवढी जागा पुसली. ऑगस्टने लावलेला वर्ख होता तो. ती म्हणाली, "अहो, आता हिला हात लावू नका. सोन्याची पावलं आहेत हिची."

तुम्हाला ठाऊकच असेल, गौरी घरात आणताना दारापासून कुंकवाची पावलं काढतात आणि एकीने विचारायचं असतं, गौर कशाच्या पावलांनी आली, दुसरीने म्हणायचं, सोन्याच्या पावलांनी आली. वसुधाने हे लहानपणापासून म्हटलं होतं. तिच्यासमोर प्रत्यक्ष सोन्याचं पाऊल निघालं म्हटल्यावर ती दुसरं काय समजणार? सर्कशीच्या बाईला देवी समजण्याची चूक जगात फक्त मराठी बाईच करू शकली असती. आणि खरं सांगते, मला त्या चुकीचा मुळीच राग आला नाही.

भाद्रपदात माझी स्थापना झाली. अमेरिकेतल्या गौरी पंचांग बघून येत नाहीत, त्या शनिवारी येतात. बेसमेंटमध्ये चटया अंथरल्या, मला हिरवी नऊवारी नेसवली, नथ टाचली. मोडक्या हातात काय होतं यावर वाद झाला. नरेंद्र म्हणाला, थाळी असणार. त्याचा मित्र गिरीश म्हणाला, छत्री. शेवटी त्या दोन बोटांत रबरबँडने हळदीकुंकवाची कोयरी अडकवली. ती सारखी कलायची.

खरा वाद झाला तो वेगळाच. नागपूरच्या रेखाताई म्हणाल्या, "आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्या दोघी असतात, मुलांसकट." कांचन म्हणाली, "आमच्या खड्यांच्या असतात यार, सोपं काम. पर्समध्ये मावतात." वसुधा ठामपणे म्हणाली, "आमच्याकडे उभ्या, आणि दोघी. एकटी गौर बसवायची नसते." मग दुसरी आणायची कुठून? दिवाणखान्यातला उभा दिवा खाली आणला, त्याची टोपी काढून वर कागदी मुखवटा बसवला, साडी गुंडाळली, आणि तो खांब माझ्या उजव्या हाताला उभा केला.

माझी मान उजवीकडे वळलेली. तीन दिवस मी त्या दिव्याच्या खांबाकडे टक लावून पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शेजारी कुणाला तरी बहीण म्हणून उभं केलं होतं, आणि तिचं बटण दाबलं की साडीतून उजेड पडायचा.

सीमा उत्तर द्यायला उभी होती. "गौर कशाच्या पावलांनी आली?" वसुधाने विचारलं. "गोल्डच्या," सीमा म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

गौरी गेल्या, म्हणजे दिवा वर गेला. मी बेसमेंटमध्येच राहिले, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी. वसुधा रोज कपडे घेऊन खाली यायची आणि घड्या घालताना माझ्याशी बोलायची. माझं मराठी ते तिथलं. तिच्या बोलण्यातून मला कळलं की तिला एक मोठी बहीण आहे, सुलेखा. मिरजेला शिक्षिका, एकटी, आईला सांभाळून राहिलेली. आदल्या हिवाळ्यात आई गेली. डेट्रॉईटला बर्फाचं वादळ होतं, विमानं कॅन्सल झाली होती, आणि वसुधा पोचू शकली नाही. नंतर निघते म्हणाली तर सुलेखा फोनवर म्हणाली, "आता येऊन काय करणार?" तेव्हापासून दोघी नीट बोलल्याच नव्हत्या. बेसमेंटमध्ये एक फोन होता. रविवारी वसुधा त्यावरून मिरजेला फोन करायची. "ताई, बरी आहेस ना?" ती विचारायची. पलीकडून काहीतरी यायचं. मग "मी पण बरी आहे" म्हणून ती फोन ठेवायची आणि टॉवेलांच्या घड्या घालत बसायची. कित्येकदा त्याच घड्या मोडून पुन्हा घालायची.

मला बोलता आलं असतं तर मी तिला सांगितलं असतं की मलाही एक बहीण आहे. पण लाकडाचे ओठ. हसू तेवढं आहे त्यांच्यावर.

एक दिवस गिरीश घर गरम ठेवणारी फर्नेस दुरुस्त करायला खाली आला होता. त्याने मला भिंतीपासून जरा हलवलं आणि माझ्या पाठीकडे बघत राहिला. तोही मोटारीच्याच धंद्यातला.

"नरेंद्र, ही देवळातली वगैरे नाही रे. ही व्हेइकलवरची बाई आहे. बोल्टची होल्स बघ, आणि कडा कशी घासलीय बघ. हलत्या गोष्टीवर होती ही."

"शिपवरची असेल."

"शिपवर अशी पाठ सपाट कापून माउंट करत नाहीत. गाडीवरची आहे ही. विस्कॉन्सिनला सर्कसच्या जुन्या वॅगन्सचं म्युझियम आहे बघ, तसलं काहीतरी."

वसुधा तिथेच होती. माझं देवपण असं फर्नेसच्या शेजारी गेलं. मला वाटलं, आता ही नाराज होणार. पण ती वेगळाच विचार करत होती. ती माझ्यासमोर येऊन माझ्या नजरेच्या दिशेने बघायला लागली.

"गाडीला दोन बाजू असतात ना?" ती म्हणाली. "मग दुसरी कुठेय?"

"दुसरी असेलच असं नाही," नरेंद्र म्हणाला.

"असणार. ही बघते कुणाकडे? मी गेल्या वर्षी दिवा ठेवला तेव्हाच मला वाटलं होतं. एकटी नसते अहो ही. कधीच नसते."

मित्रांनो, मला कितीजणांनी पाहिलं होतं. नाचघरवाल्याने, शेतकऱ्याने, त्या व्यापाऱ्याने. माझ्या जोडीला कुणी होतं का, हे कुणाला सुचलं नव्हतं. ते सुचलं गौरी बसवणाऱ्या बाईला, कारण तिच्या घरी दोघी बसवायची रीत होती.

पुढच्या उन्हाळ्यात ती मंडळी दशम्या, चिवडा आणि थर्मास घेऊन शिकागोवरून विस्कॉन्सिनला ड्राइव्ह करून गेली. मी अर्थात घरीच होते. परत आली ती सगळी आधी बेसमेंटमध्ये, बुटांसकट. सीमा जिना उतरतानाच बोलत होती आणि चक्क माझ्याशी बोलत होती.

"वी फाउंड युअर फिंगर्स!"

हकीकत अशी. म्युझियममध्ये बँडचा एक गाडा होता. उजव्या अंगाला तारांचं वाद्य घेतलेली एक बाई होती. डाव्या अंगाला नुसती रिकामी फळी. लोक तिकडे बघतच नव्हते. सीमा मात्र त्या बाजूला गेली आणि तिला फळीवर एक खंजिरी चिकटलेली दिसली, आणि त्या खंजिरीवर तीन लाकडी बोटं. खंजिरी धरायला बाईच नाही, नुसती बोटं. तिने आईला हाक मारली. वसुधाने बोटं पाहिली आणि ती तिथे सगळ्यांसमोर रडली. म्युझियममध्ये जुन्या नक्षीची दुरुस्ती करणारी डोरोथी नावाची बाई धावत आली. तिला वाटलं, हिला काही लागलं.

डोरोथीने सांगितलं की हरवलेल्या बाईचा ते फार दिवसांपासून शोध घेताहेत, ती सापडली तर गाडा पुन्हा मिरवणुकीत काढता येईल. घाई मात्र नाही, तुम्ही विचार करून कळवा.

हा विचार करणं वसुधाला फार जड गेलं. ती खाली यायची, मशीन सुरू करायची आणि माझ्याकडे न बघता उभी राहायची. नरेंद्र एकदा म्हणाला, "तुला नको असेल तर नाही म्हणू. आपण रीतसर विकत घेतलीय."

"रीतसर घेतली हो," ती म्हणाली. "पण ही गेली तर मी इथे खाली कुणाशी बोलू?"

नरेंद्र तिच्याबरोबर टॉवेलांच्या घड्या घालायला लागला. मला बहिणीकडे जायचं होतं आणि वसुधाला सोडून जायचं नव्हतं. दोन्ही खरं होतं.

त्या रविवारी तिने मिरजेला फोन केला. "ताई, बरी आहेस ना?" झालं. मग ती नेहमीसारखी फोन ठेवेना. ती माझ्याबद्दल बोलायला लागली. कोठार, सोन्याची पावलं, दिव्याचा खांब, तीन बोटं, सगळं. मधेच ती थांबली. पलीकडून सुलेखा काहीतरी बोलत होती, आणि या वेळी बराच वेळ बोलत होती. वसुधा नुसती "हो" म्हणत होती. फोन ठेवला आणि पायरीवर बसून तिने नरेंद्रला हाक मारली.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"म्हणाली, सापडली ना तिची बहीण? मग पोचवून ये. माहेरवाशिणीला कुणी डांबून ठेवतं का? ओटी भर आणि पाठव." वसुधा डोळे पुसत हसली. "आणि म्हणाली, मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं. तू यायला हवी होतीस मला."

वसुधाने म्युझियमकडे एकच गोष्ट मागितली. मला गाड्यावर चढवण्यापूर्वी एक शनिवार-रविवार आम्हा दोघींना तिच्या ताब्यात द्यायचं. डोरोथीने होकार दिला. भाद्रपदात मला विस्कॉन्सिनला नेलं, बहिणीला गाड्यावरून उतरवलं, आणि गौरींसाठी म्युझियमचं वर्कशॉप मिळालं. रंगाचे डबे आणि चाकं बाजूला सरकवून वसुधाने तिथे रांगोळी काढली, सीमाने दारापासून कुंकवाची पावलं काढली. डोरोथी हात बांधून बघत होती.

आम्हाला दोघींना कापडात गुंडाळून शेजारी शेजारी उभं केलं, साड्या नेसवल्या. मी हिरवी, ती जांभळी. मग तोंडावरचं कापड काढलं. मला समोर दिसली खिडकी. बहीण माझ्या डाव्या हाताला होती आणि माझी मान उजवीकडे. मला नुसता तिच्या साडीचा सळसळाट ऐकू आला. मित्रांनो, इतक्या वर्षांनी शेजारी उभं राहून आम्ही एकमेकींकडे पाठ फिरवल्यासारख्या दिसत होतो.

"मॉम, दे आर मॅड ॲट ईच अदर," सीमा म्हणाली.

वसुधा मागे सरून बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, जागा चुकल्या. इकडची तिकडे करा."

नरेंद्र आणि डोरोथीने आम्हाला उचललं आणि जागा बदलल्या. आता ती माझ्या उजव्या हाताला आली. ऑगस्टने आमच्या माना वळवल्या होत्या त्या रस्त्याकडे बघायला. मधला गाडा काढून घेतल्यावर त्या वळल्या एकमेकींकडे.

ती हसत होती. अगदी माझ्याएवढंच, बारीकसं. तिच्या गालावर एक चीर पडली आहे, पावसाने. नाकाचा शेंडा जरा झिजला आहे. मी काही तिच्यापेक्षा सुंदर नाही, आणि ती माझ्यापेक्षा नाही. इतकी वर्षं मला तिच्या हसण्याची काळजी वाटत होती याचंच मला हसू आलं. ते माझ्या तोंडावर आधीपासूनच होतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

"गौरी कशाच्या पावलांनी आल्या?" वसुधाने विचारलं.

"सोन्याच्या पावलांनी आल्या," सीमा म्हणाली. या वेळी मराठीत.

डोरोथीने पुरणपोळी खाल्ली, वर तूप मागून घेतलं. तिने विचारलं, या दोघी कोण? वसुधाने सांगितलं, बहिणी आहेत, माहेरी येतात, जेवतात आणि परत सासरी जातात. डोरोथी गाड्याकडे बघून म्हणाली, "मग सासर हेच दिसतंय." तिने ते इंग्रजीत म्हटलं, मी तुम्हाला मराठीत सांगते आहे. रविवारी संध्याकाळी वसुधाने आमच्या ओट्या भरल्या, दहीभाताची शिदोरी बांधली, अक्षता टाकल्या. माझ्या खांद्यावर तिने हात ठेवला, त्या अंगणात ठेवला होता तसा. या वेळी काढायला तिला वेळ लागला, पण तिने काढला.

मग कामाचे दिवस. डोरोथीने पांढरा रंग घासला नाही, खरवडला नाही. कापसाच्या बोळ्याने एकेक थर उतरवला, माझी बोटं मला परत जोडली, वर्ख जिथे गेला होता तिथेच लावला. बोल्ट आवळले गेले आणि मी पुन्हा डाव्या अंगाला, बहीण उजव्या. पुन्हा पाठीला पाठ. पुन्हा तिचं तोंड दिसणार नाही, हे मला कळत होतं. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आता मला ते तोंड पाठ आहे.

सत्त्याऐंशीच्या जुलैमध्ये गाडा मिरवणुकीत निघाला. घोडे, बँड, दोन्ही फुटपाथांवर माणसंच माणसं. चाक रस्त्यातल्या रुळावरून गेलं, तिचा बोल्ट कुरकुरला, मग माझा. मी डावीकडच्या गर्दीत बघत होते आणि मला वसुधा दिसली. टोपी घातली होती, शेजारी उंच झालेली सीमा. पण वसुधा माझ्याकडे बघून हात करून लगेच गाड्याच्या पलीकडे ओरडली. मराठीत.

"ताई, तिकडची बरी आहे ना गं?"

गाड्याच्या उजव्या बाजूने, इतक्या गोंगाटातून, शिक्षिकेचा खणखणीत आवाज आला. मिरजेचा. हा आवाज मी फोनच्या तारेतून कितीदा पुसट ऐकला होता.

"बरी आहे. छान हसतेय. तुझ्याकडची?"

"माझ्याकडची पण बरी आहे."

वसुधाने मिरजेहून भेटायला आलेल्या आपल्या बहिणीला मुद्दाम पलीकडच्या फुटपाथवर उभं केलं होतं. मला एका बाजूचंच दिसतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने माझ्यासाठी तिकडून निरोप मागवला.

मित्रांनो, तुम्हाला कधी कुठे जुनी वस्तू सापडली, अडगळीत, कोठारात, कुणाच्या अंगणात, तर लगेच घासायला घेऊ नका. तिच्या पाठीवरून हात फिरवा. बोल्टची भोकं आहेत का, एखादं बोट तुटलं आहे का, मान कुणीकडे वळली आहे, ते बघा. आणि विचारा, हिच्या जोडीला कोण होतं? माणसांबद्दलही विचारायला हरकत नाही.

गाडा पुढे गेला. मला मागे वळून बघता येत नाही. पण मधला गाडा सरल्यावर रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या त्या दोघी एकमेकींना दिसल्या असणार.